तारेची लांबी आणि लहरीची लांबी



रेडिओ नीट ऐकू येईनासा झाला की एरियलची तार आणखी लांब करा, असा सल्ला पूर्वी घरोघर देत असत. त्यात तथ्य आहे, पण अर्धेच. तार किती लांब आहे एवढे पुरत नाही. ती कोणत्या लहरीसाठी लांब आहे, हे पाहावे लागते. हाच विचार आज आम्ही आपणापुढे मांडणार आहोत.

प्रथम हिशेब पाहू. रेडिओची लहर प्रकाशाच्याच वेगाने, म्हणजे सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर धावते. या अंतराला दर सेकंदाच्या कंपनांनी भागले की एका लहरीची लांबी मिळते. कंपने १० लाख असतील तर लहर ३०० मीटरांची. १० कोटी असतील तर अवघी ३ मीटरांची. कंपने वाढली की लहर आखूड होते.

आता तारेकडे वळू. प्रत्येक झोपाळ्याला स्वतःचा ठेका असतो. तो ठेका धरून लहान मुलानेही हलके हलके ढकलले, तरी मोठे माणूस उंच झुलते. ठेका चुकला तर पैलवानाचे बळही वाया जाते. तारेतल्या विजेचे असेच आहे. ती एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जाते, वाट संपली की मागे फिरते. ही एक जा-ये लहरीच्या एका कंपनाच्या वेळात पुरी झाली, तर येणारा प्रत्येक धक्का आधीच्या धक्क्यात भर घालतो. यालाच शास्त्रात अनुनाद म्हणतात. जाण्यायेण्याचे मिळून अंतर एक लहर. म्हणून तार अर्ध्या लहरीएवढी. प्रत्यक्षात ती आणखी सुमारे ५ टक्के आखूड कापतात, कारण टोकांशी विद्युत्भार साचून विजेला तार आहे त्याहून किंचित लांब भासते. जमिनीतून उभारलेल्या मनोऱ्याला तर पाव लहर पुरते; उरलेल्या पाव लहरीचे काम जमीन आरशाप्रमाणे करते.

पण इतकी जागाच नसेल तर? १९१२ साली बुडालेल्या 'टायटॅनिक'चे उदाहरण घ्या. त्या काळी जहाजांच्या संकटसंदेशासाठी ६०० मीटरांची लहर ठरलेली होती. तिची अर्धी ३०० मीटर, आणि ते प्रचंड जहाज होते २६९ मीटर! अशा वेळी तारेला तांब्याच्या तारेची गुंडाळी जोडतात. गुंडाळी विजेचा ठेका संथ करते आणि आखूड तार लांब तारेसारखी वागू लागते. 'टायटॅनिक'ची हाक 'कार्पेथिया' जहाजाने ऐकली आणि ७०० हून अधिक जीव वाचले.

घरच्या रेडिओतही हीच युक्ती आहे. आपण बटण फिरवतो तेव्हा तारेची लांबी बदलत नाही. गुंडाळी आणि तिच्या जोडीचा कंडेन्सर मिळून ठेका बदलतो. मात्र ही सवलत फुकट मिळत नाही. आखूड तार ऊर्जा कमी टिपते. ऐकणाऱ्याला ते चालते, कारण केंद्राची शक्ती दांडगी असते. पाठवणाऱ्याची शक्ती मुळात थोडी असेल, तर मात्र तारेचे माप चुकवून चालत नाही.

डिसेंबर २००४ मध्ये त्सुनामीने अंदमानातील दळणवळण तुटले, तेव्हा पोर्ट ब्लेअरला असलेल्या हौशी बिनतारी चालकांनी लोकांच्या खुशालीचे निरोप बाहेर पोचवले. अशा चालकांच्या आवडत्या लहरींपैकी एक सुमारे ४२ मीटरांची आहे. तिच्यासाठी सुमारे २० मीटर तार, दोन झाडे आणि मोजपट्टी एवढे साहित्य असले की अँटेना उभी राहते. मोठमोठे मनोरे कोसळतात तेव्हा बरोबर मापाची साधी तार माणसाची हाक दूरवर नेते. हे माप आपल्यापैकी काही तरुणांनी शिकून घ्यावे, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.