एचपी वाढली म्हणजे पाणी वाढतं का?

तिसगावहून आम्ही बोलतोय. हातातलं काम चालू ठेवून ऐकलंत तरी चालेल, फक्त मधे एक-दोन हिशेब आहेत, तेवढे नीट ऐका.

आज आम्ही शर्यतीच्या बोटींबद्दल सांगणार आहोत. हसू नका. पाथर्डी तालुक्यात उन्हाळाभर टँकरची वाट बघणाऱ्या बायांना बोटीचं काय, असं वाटेल. पण बोटीच्या मागचा पंखा आणि आपल्या बोअरच्या पंपातला पंखा हे चुलतभाऊ आहेत. आणि सध्या गटागटांत कर्जाची मागणी येतेय, 'तीनची मोटार काढून पाचची टाकू' म्हणून. कर्ज फेडायचं आपल्याला आहे, म्हणून हे आधी ऐका.

२०१७ च्या मार्चमध्ये मुंबईला मरीन ड्राइव्हसमोरच्या समुद्रात पॉवरबोटींची आंतरराष्ट्रीय शर्यत झाली. एकेका बोटीला २५० एचपीचं इंजिन, म्हणजे आपल्या पाच एचपीच्या ५० मोटारी एका जागी! पण इंजिन नुसतं फिरतं, बोटीला ढकलतो तो पंखा. त्याची पाती तिरकी असतात. ती पाणी मागं लोटतात आणि पाण्याच्या उलट रेट्यानं बोट पुढं जाते. विहिरीत पोहताना आपण हातानं पाणी मागं सारतो, तसंच.

सगळा खेळ त्या तिरकेपणाचा. लाकडात स्क्रू पिळला की एका फेऱ्यात तो ठरावीक अंतर आत जातो. पंखाही एका फेऱ्यात तसा जितका पुढं जायला हवा, त्या अंतराला पिच म्हणतात. समजा, पिच २० इंच आणि पंखा मिनिटाला ३,००० फेरे घेतो. झाले ६०,००० इंच, म्हणजे ५,००० फूट. तासाला ३ लाख फूट, साधारण ९१ किलोमीटर. पण पाणी म्हणजे लाकूड नव्हे, ते पात्याखालून निसटतं. त्यामुळे खरा वेग याहून कमीच भरतो.

मग पिच वाढवत जायची का? तर तसं नाही. पातं पेललं नाही की इंजिन दमतं, फेरे पडतात, तापतं. चढाला गाडी टॉपमध्ये ठेवल्यासारखं. पिच फार कमी ठेवली, तर इंजिन नुसतं ओरडतं आणि बोट रेंगाळते.

आणखी एक गंमत. कुकरमध्ये दाब वाढतो, म्हणून पाणी शंभर अंशांच्या वर तापलं तरच उकळतं. उलट दाब फार घटला, तर गार पाणीही उकळतं. जोरात फिरणाऱ्या पात्याच्या पाठीमागं दाब असाच घटतो. पाण्याचे वाफेचे बुडबुडे होतात, पुढं ते फुटतात आणि धातूला खड्डे पाडतात. विहिरीवरची मोटार कधी खडे भरल्यासारखी वाजते ना? पुष्कळदा कारण हेच असतं. फुटव्हॉल्व्हची जाळी कचऱ्यानं तुंबली की पंपाला पाणी ओढताना जोर पडतो, तेव्हाही असं होतं.

आता आपल्या पाणबुडी मोटारीकडं येऊ. तिच्यातला पंखा, म्हणजे इम्पेलर, पाणी मागं लोटत नाही, कडेला भिरकावतो. बाहेरची वाटी त्या वेगाचा दाब करते आणि पाणी वर चढतं. जितक्या स्टेज, तितकं उंच. मोटारीचे फेरे मात्र विजेनं बांधलेले असतात, मिनिटाला २,८०० च्या आसपास, मग ती तीनची असो की पाचची. म्हणून पंप तोच ठेवून मोठी मोटार जोडली, तर पाणी वाढतच नाही म्हणा. तो पंखा आधी जेवढी ताकद घेत होता, तेवढीच घेणार. दुकानात हे कुणी आपणहून सांगत नाही.

आमच्या एका गटानं १५ शेळ्या आणि गवताच्या तुकड्यासाठी बोअर धरली आहे. पाणी कमी झालं, म्हणून पाचची मोटार घ्यायचं ठरत होतं. आम्ही म्हटलं, आधी मोजू. एक एचपी म्हणजे साधारण ७५ लिटर पाणी एका सेकंदात एक मीटर उचलायची ताकद. बोअरमधल्या पाण्यापासून टाकीपर्यंत १५० फूट, म्हणजे ४५ मीटर. तीन एचपीला कागदावर सेकंदाला ५ लिटर यायला हवं. निम्मं वाटेत गेलं धरलं, तरी २०० लिटरचा ड्रम ८० सेकंदांत भरावा. आमचा भरला १४० सेकंदांत. पाइप कुठं गळत नव्हता, बोअरचं पाणीही तुटत नव्हतं.

पंप वर काढला. इम्पेलरच्या कडा वाळूनं खाऊन चाकूसारख्या पातळ झाल्या होत्या. इम्पेलर बदलले, मोटार तीच ठेवली. ड्रम ८५ सेकंदांवर आला आणि कर्जाचा अर्ज बायांनी परत घेतला.

बोअरमध्येच पाणी नसेल, तर मात्र पंखा बदलून काही होत नाही. तिथं मोठा पंप टाकला की पाणी लवकर तुटतं आणि मोटार कोरडी फिरून जळते.

तुमच्या ड्रमला किती सेकंद लागतात ते लिहून ठेवा, तारखेसकट. पुढच्या बैठकीला वही घेऊन या. बोअरमधली पाण्याची पातळी दोरीनं कशी मोजायची, ते तिथं दाखवू.