कोठडीतले अठ्ठेचाळीस तास
(दुर्गाघाट, वाराणसी येथे मराठी रेल्वे व टपाल कामगारांपुढे केलेले भाषण)



हा घाट मराठी माणसाला परका नाही. पेशव्यांचे गुरू नारायण दीक्षित यांनी अठराव्या शतकात तो बांधवून घेतला. नाना फडणविसांचा वाडा इथेच आहे. पण आज आम्ही इतिहास सांगायला उभे नाही. या शहरात मराठी गणपतीच्या मिरवणुकीवर पोलिसांची लाठी चालली, ती गोष्ट आधी सांगायची आहे आणि मग आपल्या नोकरीशी तिचा काय संबंध, ते सांगायचे आहे.

सप्टेंबर २०१५. गंगेत मूर्ती विसर्जन करण्यास अलाहाबाद उच्च न्यायालयाने मनाई केली होती. काशीतल्या मराठा गणेशोत्सव समितीची मूर्ती गंगेकडे निघाली आणि गोदौलियाजवळ पोलिसांनी ती अडवली. लोक रस्त्यावरच ठाण मांडून बसले. स्वामी अविमुक्तेश्वरानंद आणि इतर साधू त्यांच्यात येऊन बसले. २२ सप्टेंबरच्या रात्री पोलिसांनी लाठीमार केला. साधूंसह अनेक जण जखमी झाले. पुढे ५ ऑक्टोबरला निषेधाची यात्रा निघाली. तिच्यात दगडफेक आणि जाळपोळ झाली, पुन्हा लाठ्या, अश्रुधूर, आणि काही भागांत संचारबंदी. त्या वेळचे मुख्यमंत्री अखिलेश यादव यांनी त्या लाठीमाराबद्दल २०२१ मध्ये साधूंची क्षमा मागितली. सहा वर्षांनी, आणि खुर्ची गेल्यावर!

विसर्जन गंगेत व्हावे की नाही, या वादात आम्ही पडत नाही. नदी स्वच्छ राहिली पाहिजे आणि न्यायालयाचा आदेश पाळला पाहिजे, हे आम्हाला मान्य आहे. आमचा प्रश्न एवढाच की, बसलेल्या माणसाला उठवण्यासाठी किती बळ वापरायचे? कायदा सांगतो की आधी जमावाला पांगण्याचा हुकूम द्यावा, लोक पांगले नाहीत तरच बळ वापरावे, आणि तेही गरजेपुरते. पूर्वी हे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १२९ व्या कलमात होते. १ जुलै २०२४ पासून ते नागरिक सुरक्षा संहितेच्या १४८ व्या कलमात आहे. पळणाऱ्याच्या पाठीत आणि पडलेल्याच्या डोक्यात घातलेली लाठी जमाव पांगवत नाही. ती शिक्षा असते, आणि शिक्षा देण्याचा अधिकार पोलिसाला कुणीही दिलेला नाही.

आपल्याला हे नवीन नाही. १९ सप्टेंबर १९६८ च्या एक दिवसाच्या संपात पठाणकोटला रेल्वे कामगारांवर गोळीबार झाला, माणसे मेली. मागणी काय होती? गरजेवर आधारित किमान वेतन. १९७४ च्या मे महिन्यात संप सुरू होण्याआधीच, २ मे रोजी, जॉर्ज फर्नांडिस यांना लखनौत पकडले. मग देशभर हजारो रेल्वे कामगार तुरुंगात गेले, क्वार्टरांतून बायकामुलांना बाहेर काढले गेले. गंगेपलीकडचे मुगलसराय त्या वेळी केवढे मोठे रेल्वे केंद्र होते, ते इथल्या जुन्या माणसांना सांगायला नको. आज त्या स्टेशनचे नाव बदलले आहे, पण लोक अजून मुगलसरायच म्हणतात.

आता नोकरीचे बोलू. पोलिसांनी पकडले की मार बसतो, याची भीती सर्वांना आहे. पण सरकारी नोकराला आणखी एक मार बसतो, आणि तो कागदावर बसतो. टपाल खात्यातल्या भावांसाठी १९६५ चे वर्गीकरण, नियंत्रण व अपील नियम आहेत, त्यांतला नियम १० पाहा. रेल्वेतल्यांसाठी १९६८ चे शिस्त व अपील नियम आहेत, त्यांतला नियम ५. दोन्हींत एकच गोष्ट लिहिली आहे: कर्मचारी अठ्ठेचाळीस तासांपेक्षा जास्त कोठडीत राहिला, तर ताब्यात घेतल्याच्या दिवसापासून तो निलंबित मानला जाईल. आरोप खरा की खोटा, याचा इथे संबंध नाही. पगार बंद, निर्वाह भत्ता सुरू, म्हणजे सुरुवातीला साधारण अर्धा पगार. एखाद्या फौजदाराच्या मनात आले, तर दोन रात्रींत तो आपल्या घरातली चूल निम्मी विझवू शकतो.

म्हणून पहिले चोवीस तास महत्त्वाचे. संविधानाच्या २२ व्या अनुच्छेदाप्रमाणे, प्रवासाचा वेळ सोडून, चोवीस तासांच्या आत अटक झालेल्याला दंडाधिकाऱ्यापुढे उभे करावे लागते. पण पोलीस घड्याळ कधीपासून मोजतात? ‘चौकशीला बोलावले होते, अटक आज केली’ असे नोंदीत लिहायचे आणि माणूस तीन दिवस ठाण्यात बसवून ठेवायचा, ही जुनी युक्ती. १९९४ साली गाझियाबादच्या एका तरुण वकिलाला असेच पाच दिवस ठेवले होते. जोगिंदर कुमार खटला तो. अटक करण्याचा अधिकार असणे वेगळे आणि अटक करण्याची गरज असणे वेगळे, हे सर्वोच्च न्यायालयाने त्यात स्पष्ट केले. पुढे डिसेंबर १९९६ मध्ये डी. के. बसू खटल्याचा निकाल आला. अटकेचा पंचनामा तिथल्या तिथे व्हावा, त्यावर तारीख, वेळ आणि घरच्या किंवा वस्तीतल्या साक्षीदाराची सही असावी, नातेवाईक किंवा मित्राला कळवावे, अंगावरच्या जखमांची नोंद व्हावी, आणि कोठडीत दर अठ्ठेचाळीस तासांनी डॉक्टरांनी तपासावे, असे त्यात बजावले आहे. डॉक्टरांच्या तपासणीची प्रत मागण्याचा हक्क अटक झालेल्याला आहे. ती मागाच.

रेल्वेतल्या भावांना एक गोष्ट वेगळी सांगायची आहे, कारण ती फार थोड्यांना ठाऊक असते. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून चालत नाही, हे सर्वांनी ऐकलेले असते. पण रेल्वे मालमत्तेच्या चोरीचा १९६६ चा कायदा आहे. त्याखाली रेल्वे सुरक्षा दल, म्हणजे आरपीएफ, चौकशी करते. अशी चौकशी करणारा आरपीएफचा अधिकारी ‘पोलीस अधिकारी’ नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८० साली बालकिशन देवीदयाल विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात ठरवले. म्हणजे यार्डातून तांब्याची तार गेली, गँगमनला चौकीत बसवले, ‘सही कर आणि घरी जा’ म्हटले, आणि त्याने सही केली, तर तो कागद त्याच्यावरच उलटू शकतो. वकिलाशी बोलल्याशिवाय सही नाही, एवढे वाक्य प्रत्येक गँगच्या हजेरीला सांगितले पाहिजे.

पोलीसही पगारदार माणूस आहे, हे आम्ही विसरत नाही. बारा-बारा तास बंदोबस्त, गळकी घरे, वरिष्ठांच्या शिव्या, आणि संघटना करायला १९६६ च्या कायद्याने आडकाठी. मे १९७३ मध्ये याच राज्यात सशस्त्र दलाचे जवान बिथरले, लष्कर बोलवावे लागले आणि काशीचे कमलापती त्रिपाठी यांचे मुख्यमंत्रीपद गेले. १८ ऑगस्ट १९८२ ला मुंबईतले शिपाई रस्त्यावर आले, तेव्हाही लष्करच आले. ज्याला स्वतःची तक्रार मांडायला जागा नाही, तो दुसऱ्याची तक्रार ऐकायला शिकणार कुठून? तरीही त्याच्या हालाचा हिशेब कोठडीतल्या माणसाच्या पाठीवर वसूल व्हावा, हे आम्ही मान्य करणार नाही.

शेवटी शाखेच्या कामाचे. अटकेची बातमी बहुधा रात्री येते आणि घरची माणसे सकाळपर्यंत थांबतात. त्या सहा-सात तासांतच मारहाण होते. म्हणून रात्री ठाण्यावर जायला तयार असलेली पाच नावे प्रत्येक शाखेने फोन नंबरांसह फलकावर लावावीत. त्यांत निदान एक भगिनी असावी. दोघांनी मिळून जावे, ठाणे अंमलदाराशी शांतपणे बोलावे, किती वाजता पोहोचलो ते वहीत टिपावे, आणि वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्याला त्याच वेळी तार गेल्यासारखा संदेश पाठवावा. तार बंद झाली २०१३ साली, पण वेळेची नोंद मोबाइलमध्येही राहते. दंडाधिकाऱ्यापुढे नेल्यावर मार बसला असेल तर तिथेच, तोंडाने, सर्वांसमक्ष सांगायचे, हे त्या माणसाच्या कानावर आधी घालावे. खात्याला अटकेची माहिती लेखी द्यावी, ती लपवली तर वेगळा आरोप लागतो. नावांची वही दाराशी ठेवली आहे. बाहेर पडताना आपापल्या शाखेच्या पानावर लिहून जा.