रसद तुटली तिथे युद्ध वळलं

(शिळफाटा येथील वसंत व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)



पत्रिकेवर विषय छापला आहे ‘दुसऱ्या महायुद्धातील निर्णायक लढाया’. तुमची अपेक्षा असणार की मी स्टालिनग्राडपासून सुरुवात करेन. मी चावणीपासून करतो. चावणी आपल्याच खालापूर तालुक्यात आहे, आणि तिथली उंबरखिंड तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिलेली आहे.

२ फेब्रुवारी १६६१. शाइस्ताखानाने पुण्याहून कोकणात धाडलेला कारतलबखान कुरवंड्याच्या घाटाने खाली उतरला. फौज मोठी, वाट अरुंद, दोन्ही अंगांना दाट रान. पुढे शिवाजी महाराजांचे लोक, मागे महाराजांचे लोक, आणि जिथे अडकले तिथे प्यायला पाणी नाही. तहानेने सैन्य कासावीस झालं. खानाने खंडणी भरली, जीव वाचवला आणि परत गेला. तलवारीने जेवढं काम केलं, तेवढंच त्या दिवशी नसलेल्या पाण्याने केलं.

२८२ वर्षांनी त्याच तारखेला, म्हणजे २ फेब्रुवारी १९४३ रोजी, व्होल्गा नदीच्या काठी स्टालिनग्राडमधल्या शेवटच्या जर्मन तुकड्यांनी शस्त्रं खाली ठेवली. तारीख जुळते हा निव्वळ योगायोग. मला महत्त्वाचं वाटतं ते पराभवाचं कारण. आपल्या भाषेत त्याला एक चांगला शब्द आहे: रसद. पानिपतावर भाऊसाहेबांची छावणी उपाशी पडली हे मराठी माणसाला शाळेपासून ठाऊक असतं. विसाव्या शतकात रणगाडे आले, विमानं आली, पण हा नियम काही बदलला नाही.

स्टालिनग्राडचंच बघा. १९ नोव्हेंबर १९४२ पासून रशियन फौजांनी शहराच्या दोन्ही बगलांवर हल्ला चढवला आणि चार दिवसांत जर्मनांच्या सहाव्या सेनेभोवती कडं पूर्ण केलं. आत अडीच लाखांहून जास्त माणसं. हवाई दलाचा प्रमुख गोअरिंग याने हिटलरला शब्द दिला की विमानातून माल पोचवतो. तगून राहायचं तर रोज किमान ३०० टन लागत होते. प्रत्यक्षात पोचले सरासरी १०० टनांच्या आसपास. सैनिकांनी आधी घोडे खाल्ले, मग खायला घोडेही उरले नाहीत. शेवटी सुमारे ९१ हजार कैदी झाले आणि त्यांतले पाच-सहा हजारच पुढे कधीतरी जर्मनीला परतले. हा आकडा वाचताना मला जिंकल्याचा आनंद होत नाही. हिटलरचा पराभव व्हायलाच हवा होता, हे मनापासून मानूनही होत नाही.

इजिप्तमधल्या अल-अलामेनला ऑक्टोबर-नोव्हेंबर १९४२ मध्ये तेच घडलं, फक्त तिथे धान्याच्या जागी पेट्रोल होतं. जर्मन सेनापती रोमेलचं मोठं बंदर त्रिपोली जवळपास दोन हजार किलोमीटर मागे. लढाई ऐन भरात असताना तेल घेऊन येणारं ‘प्रोसर्पिना’ जहाज तोब्रुकजवळ बुडवलं गेलं. रणगाडे होते, चालवणारे होते, टाक्या मात्र रित्या. मिडवेची समुद्रातली लढाई त्याआधीची, जून १९४२ ची. जपानच्या चार विमानवाहू नौका बुडाल्या आणि पॅसिफिकमधला तोल फिरला. तिच्यावर स्वतंत्र व्याख्यान होईल, आज तेवढा वेळ नाही.

आता आपल्याकडे येऊ. १५ फेब्रुवारी १९४२ ला सिंगापूर जपान्यांच्या हाती पडलं, ८ मार्चला रंगून. रंगून पडलं म्हणजे ब्रह्मदेशाचा तांदूळ बंद झाला. आपला कोकण आणि मावळपट्टा भात खाणारा. भाव चढले, साठेबाजी सुरू झाली. बंगालमध्ये पुढच्या वर्षीच्या दुष्काळात काय झालं ते जगाला माहीत आहे.

माथेरानचे वकील विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, म्हणजे आपले भाई कोतवाल, या टंचाईच्या काळात काय करत होते हे आपण कमी सांगतो. त्यांनी शेतकऱ्यांसाठी धान्याच्या पेढ्या उघडल्या. पावसाळ्यात घरातलं भात संपलं की सावकाराच्या दारात जायचं आणि सुगीला दामदुपटीने फेडायचं, हे चक्र त्यांना तोडायचं होतं. गावोगाव शाळाही सुरू केल्या. माथेरानच्या नगरपालिकेत ते उपाध्यक्ष होते. न्हावी समाजात १ डिसेंबर १९१२ ला जन्मलेला हा माणूस स्वतःच्या कष्टाने वकील झाला होता. भूक काय असते ते त्यांना पुस्तकातून कळलेलं नव्हतं.

८ ऑगस्ट १९४२ ला मुंबईत गवालिया टँकवर ‘चले जाव’चा ठराव झाला. नेते तुरुंगात गेले. कोतवाल भूमिगत झाले आणि त्यांनी कर्जत-मुरबाडच्या रानात आझाद दस्ता उभारला. त्यांनी हल्ला कशावर करावा? कचेरीवर नाही, चौकीवर नाही. विजेच्या तारांवर!

इथे जरा थांबतो, कारण हे समजायला शिळफाट्याइतकी चांगली जागा नाही. बाहेर जाऊन घाटाकडे तोंड करून उभे राहा. लोणावळा, वळवणची धरणं वर. तिथलं पाणी मोठमोठ्या नळांतून सुमारे १७०० फूट खाली खोपोलीच्या वीजगृहात येतं. ही वीज १९१५ साली मुंबईला गेली, म्हणजे पहिलं महायुद्ध सुरू होऊन जेमतेम सहा-सात महिने झाले होते. पुढे १९२२ ला कर्जत तालुक्यातलं भिवपुरी सुरू झालं. १९३० पासून बोरघाटातून पुण्यापर्यंत विजेवरची रेल्वे धावू लागली. दुसऱ्या महायुद्धात मुंबईच्या गिरण्या लष्कराचं कापड विणत होत्या, गाड्या सैन्य आणि दारूगोळा वाहत होत्या, गोदी चोवीस तास चालू होती. त्या सगळ्याचा प्राण आपल्या डोंगरांतून जाणाऱ्या तारांत होता. म्हणजे साम्राज्याची रसद आपल्या भातखाचरांवरून जात होती.

भाई कोतवालांनी हे ओळखलं. सप्टेंबर ते नोव्हेंबर १९४२ या तीन महिन्यांत दस्त्याने अकरा पायलन पाडले. पायलन म्हणजे आपण ज्याला विजेचा टॉवर म्हणतो तो लोखंडी मनोरा. रात्रीच्या अंधारात, हातातल्या साध्या हत्यारांनी, रानातल्या शेतकऱ्यांची पोरं हे काम करत होती. एक मनोरा आडवा झाला की तारा तुटायच्या आणि मुंबईत यंत्रं थांबायची. त्याच नोव्हेंबरात स्टालिनग्राडभोवती कडं आवळलं जात होतं. दोन्हीकडे घाव शत्रूच्या पुरवठ्यावर होता. मी या दोन गोष्टींची तुलना करत नाही, आकारात ती होऊच शकत नाही. पण लढाईचं शहाणपण एकच होतं, आणि ते माथेरानच्या एका तिशीला टेकलेल्या वकिलाकडे होतं.

२ जानेवारी १९४३. पहाटे सिद्धगडच्या रानात पोलिसांनी दस्त्याला गाठलं. मानिवलीचे हिराजी पाटील गोळी लागून पडले. कोतवालांच्या मांडीला गोळी लागली. जखमी होऊन पडलेल्या कोतवालांना हॉल या पोलीस अधिकाऱ्याने जवळून गोळी घालून मारलं. त्या दिवशी ते तीस वर्षं एक महिन्याचे होते. मुंबईत दादरला प्लाझासमोरच्या कोतवाल उद्यानात रोज शेकडो माणसं विसावतात. नाव कुणाचं, हे त्यांतल्या किती जणांना ठाऊक असेल?

याच जिल्ह्यातला दुसरा माणूस. तेव्हाचा कुलाबा, आताचा रायगड. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे यशवंत घाडगे, जन्म १६ नोव्हेंबर १९२१. पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या पलटणीत नाईक. ही पलटण १९४१ मध्ये इरिट्रियातल्या केरेनच्या डोंगरांत इटालियनांशी लढून आली होती. १९४४ मध्ये ती इटलीत होती. कॅसिनोची लढाई मे महिन्यात संपली, ४ जूनला रोम पडलं, आणि जर्मन सैन्य टेकडी-टेकडीला लढत उत्तरेकडे मागे सरकत होतं.

१० जुलै १९४४. टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात घाडग्यांच्या कंपनीने एका मोर्चावर चाल केली. अगदी जवळून मशीनगन सुरू झाली. सेक्शनमधले सगळे मेले किंवा जखमी झाले. एकटे घाडगे उभे राहिले. ते थेट मशीनगनवर धावले. आधी हातबॉम्ब टाकला, मशीनगन आणि ती चालवणारा निकामी झाला. मग टॉमीगनने एकाला टिपलं. टॉमीगनमधल्या गोळ्या संपल्या. नवं मॅगझीन चढवायला क्षणही नव्हता. त्यांनी बंदूक उलटी धरली, नळी हातात घेऊन दस्त्याने उरलेल्या दोघांना मारलं. एवढ्यात आडोशाच्या नेमबाजांनी छातीत आणि पाठीत गोळ्या घातल्या. जिंकलेल्या त्या मोर्चातच ते पडले. वय बावीस. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पुढच्या एप्रिलमध्ये सेनिओ नदीवर याच रेजिमेंटच्या पहिल्या पलटणीतले नगर जिल्ह्यातल्या निमजचे नामदेव जाधव यांनीही तो मिळवला. इटलीत एकूण वीस व्हिक्टोरिया क्रॉस दिले गेले, त्यांतले सहा हिंदी सैनिकांचे.

आणि त्याच १९४४ च्या मार्चमध्ये मणिपूरच्या सांगशाकला चौथी मराठा पलटण पॅराशूट ब्रिगेडसोबत वेढ्यात अडकली होती. पाणी नाही, विमानातून टाकलेला बराच माल जपान्यांच्या हाती पडलेला. तरी ते जवळजवळ आठवडाभर टिकले आणि तेवढ्यात इंफाळ-कोहिमाची तयारी झाली. जपानी सेनापती मुतागुचीने वीसेक दिवसांचा शिधा देऊन माणसं डोंगर ओलांडून पाठवली होती. शत्रूची कोठारं लुटू, असा हिशोब. कोठारं मिळाली नाहीत, पाऊस आला. कोहिमावरच्या सातो या सेनानीने शेवटी हुकमाची वाट न पाहता उपाशी फौज मागे घेतली. २२ जूनला इंफाळ-कोहिमा रस्ता मोकळा झाला. या लढाईत जपान्यांच्या बाजूने नेताजींची आझाद हिंद सेनाही होती. म्हणजे हिंदी माणूस दोन्ही बाजूंना उपाशी होता आणि दोन्ही बाजूंना मरत होता.

कॉलेजातली मुलं मला हमखास विचारतात, यातला खरा कोण? ज्याने इंग्रजांची रसद तोडली तो, की त्याच रसदीवर लढला तो?

मी उत्तर टाळत नाही. स्वातंत्र्य कोतवालांच्या वाटेने आलं, आणि त्यांनी पाडलेल्या प्रत्येक मनोऱ्याचा मला अभिमान आहे. पण घाडग्यांना साम्राज्याचा चाकर म्हणणाऱ्याशी मी वाद घालेन. युद्ध संपेपर्यंत हिंदी फौज पंचवीस लाखांवर गेली. सक्तीची भरती नव्हती, हे खरं. पण आईबापांना दरमहा येणारी मनीऑर्डर ही कोकणातल्या चार गुंठ्यांच्या घरात सक्तीहून कमी नसते. ऑक्टोबर १९४१ मध्ये बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. बाबासाहेबांनी तिच्यासाठी आग्रह धरला, कारण लष्कराची दारं बंद होणं म्हणजे अन्न आणि मान दोन्ही बंद होणं, हे सुभेदारांच्या मुलाला पक्कं माहीत होतं. शिवाय घाडगे ज्यांच्याशी लढले ती हिटलरची फौज होती. ती हरली म्हणून युरोप वाचला. दोघांची नावं एकाच पाटीवर लिहायला मला संकोच वाटत नाही. तो आपल्याला वाटतो, म्हणून आपल्या पाठ्यपुस्तकात एक असतो आणि पलटणीच्या इतिहासात दुसरा.

इटलीतल्या मोंतोने या छोट्या गावाने जुलै २०२३ मध्ये यशवंत घाडग्यांचं स्मारक उभारलं. ते एक सूर्यघड्याळ आहे. त्यावरच्या लॅटिन वचनाचा अर्थ, आपण सगळे एकाच सूर्याखाली राहतो. जिथे हा मुलगा परका म्हणून आला आणि मेला, त्या गावाने जवळपास ऐंशी वर्षांनी आठवण ठेवली. माणगावला त्यांचा पुतळा आहे. सिद्धगडला दर २ जानेवारीला पहाटे लोक जमतात. नेरळला हुतात्मा चौक आहे. तेवढं आपण राखलं आहे.

पण जे नावाजले नाहीत त्यांचं काय? कोकणात कित्येक गावांत शाळेच्या किंवा देवळाच्या भिंतीत एक दगडी पाटी असते. या गावातून अमुक माणसं पहिल्या महायुद्धाला गेली, इतकी परत आली नाहीत, एवढंच लिहिलेलं. नावं नाहीत, फक्त आकडे. आपले आजे-पणजे ‘बसऱ्याला गेला’ म्हणायचे, ते हेच लोक. पुणे डिव्हिजनच्या मराठा पलटणी १९१५-१६ मध्ये इराकातल्या कुत-अल-अमाराला १४७ दिवस वेढ्यात होत्या. तिथेही शेवटी पराभव झाला तो भुकेने.

म्हणून माझी एक मागणी आहे. घरी गेल्यावर जुनी ट्रंक उघडा. एखादं पदक सापडलं तर त्याची कड उजेडात धरा. पुष्कळ पदकांच्या कडेवर शिपायाचा नंबर, नाव आणि पलटण बारीक अक्षरांत कोरलेली असते. फीत लाल, पांढरी, हिरवी, पांढरी, लाल अशी असेल तर तो ‘इटली स्टार’, तुमचा माणूस इटलीत होता. आणि घरात कुणी आझाद दस्त्याला भाकरी पोचवली असेल, रात्री आसरा दिला असेल, तर तेही लिहा. तारीख नक्की नसली तरी लिहा. सांगणारी ऐंशी-नव्वदीची माणसं अजून आहेत, पण फार दिवस असणार नाहीत. एका वहीत उतरवा आणि ती वही आपल्या वाचनालयात आणून द्या. पुढच्या वसंतात याच व्यासपीठावरून ती नावं मोठ्याने वाचायची आहेत.