वृद्धांचा ठसका
(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात दिलेले भाषण)



आतापर्यंत शिक्षण, वसतिगृह, वधूवर-परिचय इत्यादी विषयांवर विचारप्रवर्तक भाषणे झाली. मी मात्र एक घरगुती विषय आपणांपुढे मांडणार आहे. आपल्या घरातील थकल्याभागल्या वृद्धांच्या घशाखाली घास नीट उतरतो की नाही, हा तो विषय होय.

आजोबांना जेवताना ठसका लागला, की "कोणीतरी आठवण काढली" असे म्हणून आपण पाण्याचा पेला पुढे करतो. हाच ठसका रोज लागू लागला, तर "वयच झाले" म्हणून सोडून देतो. येथेच आपली समजूत चुकते.

घशामध्ये अन्नाची व श्वासाची वाट एकमेकींना छेदून जाते. गिळताना श्वास क्षणभर थांबतो, स्वरयंत्र वर उचलले जाते आणि श्वासनलिकेचे तोंड झाकले जाते. शरीर क्षीण झाले, अर्धांगवायूचा झटका येऊन गेला किंवा कंपवात जडला, म्हणजे ही क्रिया मंदावते. मग अन्नपाण्याचा अंश फुप्फुसांत उतरतो व त्यातून न्यूमोनिया उद्भवू शकतो. पाणी पातळ म्हणून गिळावयास सोपे, असे आपण मानतो. परंतु ते वेगाने धावत असल्यामुळे दुर्बल घशाला तेच अधिक अवघड जाते. शिवाय कित्येकांना ठसकाही लागत नाही. अंश मुकाट्याने आत जातो. म्हणून ठसक्याची वाट न पाहता चौकशी करणे अगत्याचे आहे.

या चौकशीसाठी अमेरिकेतील डॉ. पीटर बेलाफस्की व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली १० प्रश्नांची एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. वजन घटले काय, पातळ पदार्थ, घट्ट पदार्थ वा गोळ्या गिळताना जोर करावा लागतो काय, घास घशात अडकतो काय, खाताना खोकला येतो काय, असे ते साधे प्रश्न आहेत. प्रत्येकास शून्य ते ४ गुण असतात. बेरीज ३ किंवा अधिक झाली, तर वैद्यकीय तपासणी करून घ्यावी. त्यातील एक प्रश्न आपणांस विशेष विचार करावयास लावणारा आहे: या त्रासामुळे बाहेर जेवावयास जाणे कठीण होते काय? लग्नाच्या पंगतीत चारचौघांत ठसका लागेल, या संकोचाने घरीच थांबणारे वृद्ध आपल्यातही असतील. शाळेत हजेरी घेताना गैरहजर मुलाची चौकशी प्रथम करावी लागते. पंगतीतील गैरहजेरीचीही तशीच व्हावी.

दुसरी चाचणी पाण्याची. सुमारे ९० मिलिलिटर पाणी न थांबता प्यावयास देऊन खोकला येतो काय, आवाज ओलसर होतो काय, हे पाहतात. ती जाणकारांनीच करावी; घरी प्रयोग करू नयेत. या चाचण्या केवळ संशय दर्शवितात. निदान डॉक्टर व वाचोपचारतज्ज्ञ यांनीच करावयाचे असते.

तोवर घरच्यांनी इतके अवश्य पाळावे. वृद्धांस ताठ बसवून, लहान घास, सावकाश भरवावेत. जेवणानंतर अर्धा तास आडवे होऊ देऊ नये. झोपेत वा ग्लानीत असलेल्याच्या तोंडात पाणी घालू नये. दात व कवळी स्वच्छ ठेवावी. जपानमधील वृद्धाश्रमांत मुखस्वच्छतेमुळे न्यूमोनियाचे प्रमाण घटल्याचे १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले आहे. हे काम केवळ सुनांचे नव्हे, मुलांचेही आहे.

माझी मंडळास नम्र सूचना अशी, की हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ व वसमत या पाचही तालुक्यांतील आपल्या कुटुंबांमधील वृद्धांची यादी तरुणांनी करावी, त्यांच्याजवळ बसून हे प्रश्न विचारावेत आणि ज्यांच्याविषयी शंका येईल त्यांना आशाताईंच्या साह्याने आरोग्य केंद्रात किंवा जिल्हा रुग्णालयात न्यावे. खर्च फारसा नाही; सवड मात्र काढावी लागेल. ज्यांनी आपणांस पहिला घास भरविला, त्यांचा घास सुखाने उतरावा, एवढी काळजी आपण वाहू या.