बंदी नको, बर्फाची ओळख हवी

(देऊळगाव राजा येथील महिला मेळाव्यात केलेले भाषण)



आपल्याकडे बर्फ म्हणजे रसवंतीतला. मग इथे हिमस्खलनावर भाषण कशाला, असं काहीजणींना वाटेल. पण आता तालुक्याच्या गावांतल्या मुलीही हिमालयातल्या शिबिरांना जाऊ पाहतात आणि घरातून उत्तर येतं, ‘पोरीच्या जातीला कशाला हवं ते?’

३ फेब्रुवारी २०१६ रोजी सियाचीनमध्ये हिमस्खलनात दहा जवान गाडले गेले. त्यांत सातारा जिल्ह्यातले सुनील सूर्यवंशी होते. अशा बातम्या ऐकूनही मुलगा सैन्यात गेला की आपण अभिमानाने सांगतो. मुलीच्या बाबतीत मात्र तोच धोका बंदीचं कारण होतो. बर्फाला मुलगा-मुलगी कळत नाही. त्याला कळतो उतार आणि वजन. म्हणून बंदीऐवजी आधी ओळख करून घेऊ.

डोंगरावर बर्फ थराथरांनी साठतो. कडक थंडीत आतल्या एखाद्या थराचे कण साखरेसारखे सुटे होतात. त्यावर नवा बर्फ पडला किंवा वाऱ्याने आणून टाकला की वर घट्ट पापुद्रा धरतो. ज्वारीच्या दाण्यांवर फळी ठेवून ती तिरपी करा, फळी घसरते. इथेही तेच होतं. हौशी गिर्यारोहकांचे जीव घेणारी बहुतेक हिमस्खलनं त्यांच्या स्वतःच्या किंवा सोबत्यांच्या वजनानेच सुटतात.

चौकोनी कागद कोपऱ्यावर कोपरा ठेवून दुमडला की ४५ अंशांचा उतार दिसतो. बहुतेक हिमस्खलनं ३० ते ४५ अंशांच्या उतारावर होतात. नुकताच भरपूर बर्फ पडला असेल, जोराचा वारा सुटला असेल, एकदम ऊन तापलं असेल, तर असा उतार टाळायचा. तो वर असेल तर त्याच्या पायथ्याशीही थांबायचं नाही. पायाखाली ‘धप्प’ असा आवाज आला, बर्फाला तडा गेला, की मागे फिरायचं. धोक्याची जागा एकेकीने ओलांडायची, बाकीच्यांनी तिच्यावर नजर ठेवायची.

गाडलेल्या माणसाला दहा मिनिटांत काढलं तर दहांतले नऊ वाचतात. अर्ध्या तासानंतर जेमतेम तीन. म्हणजे वाचवणार ते सोबतचेच. १९८४ मध्ये एव्हरेस्टच्या वाटेवर बचेंद्री पाल यांच्या तंबूवर मध्यरात्री बर्फ कोसळला, तेव्हा सोबत्याने चाकूने तंबू फाडून त्यांना बाहेर काढलं. २३ मे रोजी त्या शिखरावर पोचल्या. ते शिखर गाठणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री.

ज्ञान म्हणजे ताईत नव्हे, हेही सांगितलं पाहिजे. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी उत्तराखंडात द्रौपदी का डांडा-२ या शिखरावर उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेच्या तुकडीवर हिमस्खलन आलं. २७ मृतदेह मिळाले, दोघे सापडलेच नाहीत. मृतांत प्रशिक्षिका सविता कंसवाल आणि नौमी रावत होत्या. सविताने त्याच मे महिन्यात सोळा दिवसांच्या अंतराने एव्हरेस्ट आणि मकालू सर केलं होतं. ‘एवढी शिकलेली गेली, मग शिकून काय उपयोग?’ असं कुणी म्हणेल. रस्त्यावर निष्णात चालकही अपघातात जातात. म्हणून आपण गाडी चालवायला शिकणं सोडत नाही.

शिकण्यातला सर्वांत अवघड धडा बर्फाचा नाहीच. ‘आज नको, मागे फिरू,’ हे चारचौघांत म्हणण्याचा आहे. लहानपणापासून आपल्याला उलट बोलू नये असं शिकवलेलं असतं. तडा दिसला तरी मुलगी गप्प राहते, कारण पुढे चालणारा ‘सर’ असतो. घरात, पंचायतीत आपण बोलायला शिकतो आहोत. तोच आवाज तिथे जीव वाचवतो.

म्हणून शिबिराचे पैसे भरण्याआधी मुलीने आणि आईने मिळून आयोजकाला विचारावं: वाट कोणत्या उताराखालून जाते? हिमस्खलनाचा इशारा रोज कोण पाहतं? गाडलेल्याला शोधणारं ट्रान्सीव्हर यंत्र, लांब सळई आणि फावडं प्रत्येकीकडे असेल का? ते वापरण्याचा सराव करून घ्याल का? मुलगी मागे फिरू म्हणाली तर ऐकाल का? उत्तरं नीट मिळाली नाहीत तर त्या आयोजकाला नकार द्या. मुलीला नको.