चैत्रगौरीचं हळदीकुंकू, अंगणात

चैत्र शुद्ध तृतीयेपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत चैत्रगौरीचं हळदीकुंकू. यंदा आम्ही गटातल्या बायकांनी ते उन्हं उतरल्यावर अंगणातच केलं. माळ्यावरची, सासू-आजेसासूंची नावं घातलेली पितळी भांडी काढली, चिंच-मिठानं घासली. कैरीची डाळ, पन्हं, भिजवलेले हरभरे, एवढाच बेत.

एक मात्र पाळलं. बिनकल्हईच्या पितळेत आंबट ठेवलं की कळकतं, पोटाला बाधतं. म्हणून पन्हं कल्हईच्या पातेल्यात, डाळ स्टीलमध्ये, आणि जुन्या परातीत फक्त हरभरे.

आणखी एक. भांड्यांवर ज्यांची नावं होती, त्यांतल्या कित्येकींना विधवा म्हणून हळदीकुंकवाला कधी कुणी बोलावलं नव्हतं. आम्ही यंदा सगळ्याजणींना बोलावलं. तुम्हीही बोलवा.