नोट ओळखणारा फोन



मी सातवी शिकलेली, भाषणाची सवय नाही. पण सासूबाईंची दृष्टी गेल्यापासून जे कळले ते सांगते. नवी शंभराची नोट १४२ मिलिमीटर लांब, दोनशेची १४६, रुंदी सारखीच. एवढा फरक बोटांना कसा लागावा? कडेला उठावाच्या रेघा असतात, शंभराला चार, पाचशेला पाच; पण हाताळून मऊ झालेल्या नोटेवर त्या लागत नाहीत. मग दर वेळी कुणाला तरी विचारायचे, म्हणजे आपली गाठ दुसऱ्यापुढे सोडायची! बाजारात एकदा शंभराची समजून दोनशेची गेली. परत कोण देतो?

रिझर्व्ह बँकेने १ जानेवारी २०२० रोजी ‘मनी’ हे ॲप काढले. कॅमेऱ्यापुढे नोट धरली की फोन किंमत बोलतो, आता मराठीतही. घडी घातलेली नोटही चालते. पैसे पडत नाहीत, एकदा फोनमध्ये घेतले की इंटरनेटही लागत नाही. नोट खरी की खोटी हे मात्र ते सांगत नाही, एवढे ध्यानात असू द्यावे.

हल्ली भाजीवालीचे पैसे सासूबाईच चुकते करतात, आणि घासाघीसही! कोनमध्ये आणखी कुणाला गरज असेल तर दुपारी आमच्याकडे पाठवा, मुलगी शिकवील.